घरचा केजन मसाला: न भाजता, नंदुरबारची मिरची वापरून

केजन मसाला, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाकडचा तिखट मसाला, घरी करायचा म्हटलं की आपला खान्देशी हात आधी कढईकडे जातो. मसाला म्हणजे कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, धने, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी, मसाला वेलची थोड्या थोड्या तेलावर परतायचं आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की दुसऱ्या कुठल्याही मसाल्याला आपण तीच रीत लावतो. केजनला ती चालत नाही. इथं कढई लागत नाही, तेल लागत नाही, आणि वर जी नावं घेतली त्यातलं कांदा सोडला तर एकही पडत नाही. सगळं कच्चं, कोरडं, दळून एकत्र करायचं, बस.

कारण काय तर हा मसाला भाजला जातो तो नंतर, तव्यावर, माशाच्या नाही तर चिकनच्या अंगावर. तुम्ही आधीच भाजून ठेवला तर तव्यावर तो दुसऱ्यांदा भाजला जातो आणि कडू होतो. त्यात लसणाची पावडर म्हणजे सगळ्यात आधी जळणारी, ती एकदा काळी पडली की मग वर कितीही लिंबू पिळा, कडवटपणा हटत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मं काम झालं असं समजा.

आता हा मसाला कुणाचा ते थोडक्यात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला अकेडिया म्हणून फ्रेंच लोकांची वसाहत होती, इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना तिथून हाकललं, आणि त्यातले बरेच जण पुढच्या काही दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियानात, दलदलीच्या आणि खाड्यांच्या मुलखात जाऊन राहिले. ते हे केजन लोक. शेती, मासेमारी, शिकार, भात आणि एका मोठ्या भांड्यात सगळं शिजवायचं असं त्यांचं खाणं. त्यांच्या घरच्या जेवणात जोर असायचा तो कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी (जाड देठांची एक भाजी) या तिघांवर, वरून मीठ, मिरी आणि कायेन मिरची. बाटलीत भरलेला तयार मसाला हा त्यामानानं अलीकडचा प्रकार आहे. ऑपेलुसस गावच्या टोनी सॅशरी यांनी १९७२ मध्ये त्यांचा मसाला विकायला काढला, आणि त्याच भागातले शेफ पॉल प्रूडोम यांनी १९७९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल टाकून मसाला चोपडून तव्यावर काळा केलेला मासा, म्हणजे ब्लॅकन्ड रेडफिश, इतका गाजवला की १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात रेडफिश पकडण्यावरच बंधनं आणावी लागली. क्रिओल मसाला म्हणून अजून एक भाऊबंद आहे, तो शहराकडचा, त्यात वाळलेल्या पाल्यांचा हात जरा सढळ. केजनमध्ये तिखट पुढे आणि पाला मागे.

तिखटापासून सुरू करू, कारण इथं आपण पैसेवाले आहोत. या मसाल्यात तिखट तीन ठिकाणाहून येतं: लाल मिरची, काळी मिरी, पांढरी मिरी. तिन्ही वेगवेगळ्या जागी लागतात आणि प्रूडोम यांच्या पाककृतींमध्ये हे तीन तुम्हाला पुन्हा पुन्हा एकत्र दिसतील. काळी मिरी आधी नाकात आणि जिभेवर कळते, लाल मिरची जरा उशिरा येते आणि मग घशात बसून राहते, पांढरी मिरी या दोघींच्या मधली जागा भरते आणि तिला तिचा एक वेगळा उग्र वास असतो. पांढरी मिरी म्हणजे पिकलेली मिरी भिजवून साल काढलेली, किराणा दुकानात मिळते, पण महाग असते म्हणून कुणी कुणी ती गाळतं. मी म्हणेन गाळू नका, थोडीच लागते, पण ती नसली की मसाला नुसता मिरचीपूड-लसूण होऊन बसतो.

लाल मिरची मूळची कायेन. ती ३० ते ५० हजार स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) आसपास तिखट धरतात. आपल्या बाजारातली तेजासारखी मिरची याच्या बरीच पुढे जाते, म्हणून अमेरिकन रेसिपीत जेवढी कायेन लिहिलीय तेवढंच आपलं लवंगी नाही तर तेजा तिखट घातलं तर तो मसाला कुणाला खाता येणार नाही. आपल्याला नंदुरबारसारखा मिरचीचा बाजार हाकेवर आहे. हंगामात तिथं पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना मी काय बोलते ते कळेल, लांबूनच ठसका लागतो. तिथली मध्यम तिखट वाळलेली लाल मिरची अख्खी घ्या, सुटं तिखट घेऊ नका, कारण सुट्या तिखटात रंग आणि भेसळ काय असेल ते डोळ्यांना कळत नाही आणि शिवाय आपण वर्षाचं तिखट दळताना कधी कधी तेलाचा हात लावतो, ते तेल या कोरड्या मसाल्यात नको.

पॅप्रिका, म्हणजे कमी तिखट लाल मिरचीची पूड, हा या मसाल्याचा रंग आणि अंग. सगळ्यात जास्त तीच असते. जळगाव-धुळ्यात मोठ्या दुकानात मिळते, नाही मिळाली तर बेडगी किंवा काश्मिरी मिरची घ्या आणि घरी पूड करा, मला स्वतःला बेडगीचीच जास्त आवडते, रंग दाट येतो आणि जरा गोडसर वास असतो. देठ काढा, मिरची उभी चिरून बिया आणि आतला पांढरा गर खरवडून टाका (खरा तिखटपणा त्या पांढऱ्या गरात असतो, बियांत नाही), मग एक-दोन उन्हं दाखवून कडकडीत झाली की मिक्सरमधून काढून बारीक चाळणीनं चाळा. बेडगी पॅप्रिकेपेक्षा तिखट असते, म्हणून ती वापरली तर वरचं तिखट थोडं कमी करायचं.

धुराचा वास आवडत असेल तर एक युक्ती. स्मोक्ड पॅप्रिका म्हणजे स्पेनमध्ये ओकच्या धुरावर वाळवलेली मिरची, ती केजनमध्ये घातलीच पाहिजे असं काही नाही, पण बऱ्याच जणांना आवडते. आपल्याकडे भरताची वांगी तुराट्यांवर नाही तर पऱ्हाट्यांवर भाजतो ना, ते झालं की ज्वाळा विझून धूर राहतो तेव्हा साफ केलेली बेडगी जाळीवर ठेवून जरा उंचावर धरा, पाच-सात मिनिटं, मिरची हलवत. ज्वाळा लागता कामा नये, काळी पडलेली मिरची काढून टाका. आणि हे उघड्यावर करायचं, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून, लहान मुलं लांब ठेवून.

आता लसूण आणि कांदा. इथं मी जरा जास्त बोलणार कारण मसाल्याची खरी चव यात आहे आणि खान्देशात राहून या दोन पावडरी विकत आणायच्या म्हणजे आपल्या उन्हाचा अपमान आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हात काय वाळत नाही! पापड, कुरडया, बिबडे, सगळं आपण गच्चीवर घालतोच, त्याच्या शेजारी एक चादर अजून. कांदा वाळवणं तर आपल्या भागात मोठा धंदा आहे, जळगावच्या जैन इरिगेशनचा कांदा वाळवायचा कारखाना आहे आणि शेतकऱ्यांकडून करारानं पांढरा कांदा लावून घेतात. पांढराच का, तर वाळल्यावर पावडर फिकट आणि स्वच्छ राहते. घरी पण पांढरा मिळाला तर पांढरा घ्या, लाल कांदा चालतो, पण पावडर तपकिरी-गुलाबी येते, चवीला काही वाईट नाही.

कांद्याच्या पातळ चकत्या करा, सगळ्या सारख्या जाडीच्या, नाही तर पातळ जळतात आणि जाड ओल्या राहतात. स्वच्छ सुती कापडावर एकेक पसरा, वरून पातळ मलमल टाका, धुळीसाठी आणि माश्यांसाठी. संध्याकाळी न विसरता आत घ्या. तीन-चार कडक उन्हं लागतात. झालं का ते बघायची खूण एकच, चकती बोटात धरून मोडली तर कट्ट आवाज येऊन तुटली पाहिजे, वाकली तर अजून ऊन दाखवा. एक किलो कांद्याचे शेवटी शंभर-सव्वाशे ग्रॅमच भरतात, म्हणून कमी दिसलं तर घाबरू नका, कांद्यात बहुतेक पाणीच असतं. लसणात पाणी त्याहून कमी, म्हणून तो बराच भरतो. लसणाच्या पाकळ्या सोलून उभ्या पातळ कापायच्या, अख्ख्या वाळत घातल्या तर वरून कडक आणि आतून चिकट राहतात आणि मिक्सरमध्ये गोळा होतो. गच्ची नसेल तर ओव्हन ६०-७० अंशांवर ठेवून दार किंचित उघडं ठेवा, बरेच तास लागतात, रंग बदलायला लागला की समजा उष्णता जास्त झाली.

दळताना मिक्सर थांबवत थांबवत चालवा. सतत फिरवला की भांडं तापतं आणि लसणाची पावडर भांड्याला धरून बसते. चाळून जाड उरलेलं पुन्हा दळा, तरी उरलं तर आमटीत टाका.

राहिला पाला, म्हणजे थाइम आणि ओरेगॅनो. इथं एक सावध करते. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या घरात साठलेल्या असतात आणि त्या वापरायचा मोह होतो, पण पुडी उलटी करून वाचा, त्यात बहुतेक वेळा मीठ, लसूण, मिरची असं बरंच मिसळलेलं असतं, मग तुमचं माप चुकतं. नुसता वाळलेला ओरेगॅनो घ्या. तो नसेल तर अंगणातल्या कुंडीतला पानओवा आहे, ती जाड लुसलुशीत लव असलेली पानं, त्यांची आपण भजी करतो. त्याचा वास ओरेगॅनोच्या फार जवळचा आहे. फक्त पानं मांसल असतात म्हणून सावलीत वाळवायला वेळ लागतो, बारीक चिरून वाळवली तर लवकर होतात. थाइमला पर्याय आपला साधा ओवा, कारण दोघांचा वास ज्या थायमॉलमुळे येतो ते एकच आहे. पण ओवा फार जोरात बोलतो. थाइम एक मोठा चमचा असेल तिथं ओवा पाव लहान चमचा, तोही अगदी बारीक केलेला, त्याच्या वर गेलात तर मसाल्याला पोटदुखीच्या औषधाचा वास येईल.

आता माप लिहून घ्या. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, लहान म्हणजे ५ मिलीचा, आणि सगळे सपाट, डोंगर केलेले नाहीत. पॅप्रिका किंवा बेडगीची पूड ४ मोठे चमचे, लसणाची पावडर २ मोठे, कांद्याची पावडर दीड मोठा, काळी मिरी ताजी कुटलेली १ मोठा, नंदुरबारी लाल तिखट २ लहान (बेडगी वापरली असेल तर दीड), पांढऱ्या मिरीची पूड २ लहान, वाळलेला ओरेगॅनो १ मोठा, थाइम १ मोठा. एवढ्यात साधारण ऐंशी ग्रॅम मसाला होतो, चार-पाच जणांच्या घराला महिना-दोन महिने सहज पुरतो. कुणी यात मोहरीची पूड अर्धा चमचा घालतं, कुणी सेलरीचं बी, दोन्ही चालतात. जिरं मात्र मी घालत नाही, जिरं आलं की जीभ लगेच घरच्या भाजीकडे वळते.

काळी मिरी अख्खी घेऊन खलबत्त्यात कुटा, एकदम पीठ करू नका, थोडी भरड राहिली तर तव्यावर छान लागते. ओरेगॅनो आणि थाइम मिक्सरमध्ये घालू नका, तळहातावर चोळून टाका, तेवढं पुरे. आणि कृपा करून हा मसाला कांडपाच्या गिरणीवर नेऊ नका. तिथं आधी कुणाचा तरी काळा मसाला दळलेला असतो आणि त्यातली लवंग-दगडफुलाची चव तुमच्या बरणीत उतरते. घरच्या मिक्सरला पण असाच वास लागलेला असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, भांडं पुसा, मग घ्या. सगळं मोठ्या कोरड्या परातीत घालून हातानं नीट एकत्र करा आणि एकदा चाळा, म्हणजे लसणाच्या गुठळ्या फुटतात.

मीठ मुद्दाम लिहिलं नाही. विकतच्या डबीवर घटकांची यादी वाचा, कितीतरी ब्रँडमध्ये मीठ पहिल्या-दुसऱ्या नंबरला असतं, आणि मग होतं असं की मसाला जास्त हवा असला तरी घालता येत नाही कारण पदार्थ खारट होतो. घरी करतोय तर मीठ वेगळं ठेवा. ज्यांना घालूनच ठेवायचंय त्यांनी या मापाला १ मोठा चमचा मीठ घाला आणि बरणीवर तसं लिहा, नाही तर घरातलं दुसरं कुणी वरून पुन्हा मीठ टाकतं.

चव बघायची ती कोरडी चिमूट जिभेवर ठेवून नाही, तशी नुसती मिरीच कळते. उकडलेल्या बटाट्याच्या गरम फोडीला लोणी लावा, चिमूटभर मसाला, चिमूटभर मीठ टाका आणि खा. लसूण कमी वाटला की लसूण वाढवा, तिखट नुसतं टोचत असेल तर अजून बेडगी घाला. आणि एक रात्र झाकून ठेवल्यावर पुन्हा चाखा, वास एकमेकांत मिसळलेले असतात आणि मत बदलतं.

आता वापर. खरी परीक्षा ब्लॅकन्ड माशाची. समुद्र आपल्यापासून लांब, पण तापीचे, हतनूरचे, नवापूरकडे उकाईच्या पाण्यातले मासे बाजारात येतात. मरळ मिळाला तर सोनं, काटे कमी आणि मांस घट्ट. रोहू-कटल्यात बारीक काटे फार, ते रश्श्यालाच बरे. अर्धा-पाऊण इंच जाडीचे बिनकाट्याचे तुकडे करून अगदी कोरडे पुसा, वितळलेल्या लोण्यात बुडवा, दोन्ही बाजूंनी मीठ आणि मसाला भरपूर लावा. बिडाचा जड तवा मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं कोराच तापवा, मग मासा ठेवा, एका बाजूला दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं, झालं. मध्ये चाळवाचाळव करू नका. तूप घेऊ नका, लोणीच घ्या, कारण लोण्यातला दुधाचा अंश तव्यावर मसाल्याबरोबर करपून तो गडद थर धरतो, तुपात तो अंश राहिलेला नसतो. नॉनस्टिक तवा इथं अजिबात नको, एवढ्या आचेवर त्याचा लेप खराब होऊन वाईट वाफा निघतात. धूर भयंकर होतो, खोकला लागतो, म्हणून हे अंगणात चुलीवर किंवा शेतात करा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आच मध्यम ठेवून करा, काळा नाही तर गडद तांबूस रंग येईल, चव तरी चांगलीच लागते.

मांसाहार नसेल तर खान्देशात पर्यायांची काय कमी. भरताच्या मोठ्या हिरव्या वांग्याच्या बोटभर जाड चकत्या करा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, पुसून तेल आणि मसाला लावून तव्यावर दोन्हीकडून परता, आतून मऊ आणि वरून खरपूस. मक्याचं कणीस भाजून लोणी-मसाला चोळा. उकडलेले लहान बटाटे हातानं जरा दाबून चपटे करायचे, तळायचे आणि वरून मेयोनीज-मसाल्याचा सॉस घालायचा, हा जो केजन पोटॅटो म्हणून मिळतो तो आपल्याकडच्या हॉटेलांमुळे घराघरात पोचलाय, मुलांना फार आवडतो, एक वाटी मेयोनीजला दीड लहान चमचा मसाला पुरतो.

पण माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे केळीचे वेफर्स. कच्ची केळी आपल्याकडे काय कमी आहे का, यावल-रावेरला नुसत्या बागाच बागा. वेफर्स तळून काढले की ते गरम असतानाच, अंगावर तेलाची ओल असतानाच मसाला आणि बारीक मीठ भुरभुरायचं आणि डबा हलवायचा, गार झाल्यावर टाकला तर तो डब्याच्या तळाशी जाऊन बसतो. तेलात मसाला कधी घालू नका, दोन सेकंदात जळतो आणि पुढचा सगळा घाणा कडू. वेफर्ससाठी मसाल्यातली पानं आणि भरड मिरी चाळून घ्या, नुसती बारीक पूड वापरा, ती नीट चिकटते.

शिजवायच्या पदार्थात, म्हणजे जांबालायासारखा भात करायचा असेल तर कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी तेलात परता. सेलरी आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही, तिच्याऐवजी कोथिंबिरीच्या जाड काड्या घाला, चव तीच येत नाही पण भात छान होतो. मग मसाला, टोमॅटो, चिकन किंवा राजमा, तांदूळ, पाणी. मसाला टाकल्यावर अर्ध्या मिनिटात काहीतरी ओलं पडलंच पाहिजे, टोमॅटो तरी नाही तर पाणी तरी.

बरणी काचेची, पूर्ण कोरडी, घट्ट झाकणाची. उजेडात ठेवली की बेडगीचा रंग उडतो, म्हणून कपाटात. सगळ्यात आधी वास जातो तो पाल्याचा, तीन-चार महिन्यांत तो मंद होतो, मसाला खराब होत नाही पण जीव जातो. लसूण-कांद्याच्या पावडरी हवेतली ओल ओढतात आणि जुलै लागला की गठ्ठा होतो, त्यासाठी तळाशी चार तांदळाचे दाणे पुरचुंडीत बांधून टाका. फ्रीजमध्ये ठेवली तर बाटली बाहेर काढून गार असताना लगेच उघडू नका, आत पाणी सुटतं, खोलीच्या हवेला आली की उघडा. उन्हाळ्यात कांदा, लसूण, बेडगी जास्त करून ठेवायला हरकत नाही, पण तिन्ही वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा आणि मसाला दर वेळी एकाच मापाचा मिसळा, मिरी त्याच दिवशी कुटून.